इंग्रजी लहान शब्दांचा अक्षरावरून शोध
(इयत्ता तिसरी व चौथीच्या शिक्षकांसाठी)

चौथीच्या एका वर्गात इंग्रजीच्या चाचणीस एक साधा प्रश्न होता : ‘पुढील प्रत्येक अक्षर असलेले तीन शब्द लिहा.’ अक्षरे होती बी, टी आणि एक्स. एका मुलीने ‘बी’पुढे बॉल, बॅट व बनाना हे शब्द नीटनेटके लिहिले, ‘टी’पुढे ट्री, टेबल व टायगर लिहिले. ‘एक्स’ची जागा मात्र कोरी राहिली. त्याच उत्तरपत्रिकेत, याच्या वरच्या प्रश्नात, चित्रे पाहून ‘बॉक्स’ आणि ‘सिक्स’ हे दोन शब्द तिने बिनचूक लिहिलेले होते. दोन ओळी वर पाहिले असते तर तिला तीनपैकी दोन शब्द तेथेच सापडले असते. शिक्षकांनी तिला जवळ बोलावून कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, एक्सचा शब्द तक्त्यावर एकच आहे, आणि त्याचं स्पेलिंग मला येत नाही.” त्या चाचणीनंतर बरेच दिवस इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर आला नाही.

ही चूक अभ्यासाच्या अभावाची नव्हे. अक्षर म्हणजे शब्दाचे पहिले अक्षर, ही समजूत तिच्या मनात तक्त्याने रुजविली होती, आणि ती तिने प्रामाणिकपणे पाळली. भिंतीवरील तक्त्यात ‘एक्स’ या अक्षरासमोर बहुधा नाताळचे झाड असते, नाही तर झायलोफोन नावाचे वाद्य असते. हे वाद्य मुलांनी पाहिलेले नसते, त्याचे नाव त्यांना उच्चारता येत नाही, आणि त्या नावात या अक्षराचा जो उच्चार होतो तो इतर नेहमीच्या शब्दांत कोठेच भेटत नाही. वस्तुस्थिती अशी की इंग्रजीच्या नेहमीच्या लहान शब्दांपैकी एकही शब्द ‘एक्स’ने सुरू होत नाही, त्याने संपणारे मात्र पुष्कळ आहेत. बॉक्स, फॉक्स, ऑक्स, सिक्स, मिक्स, फिक्स, टॅक्स, वॅक्स. एवढे शब्द मुलांच्या हाताशी असताना तक्ता त्यांना नेमक्या चुकीच्या दाराशी नेऊन उभे करतो.

या बाबतीत मराठी अंकलिपी अधिक शहाणी आहे. ‘ण’ किंवा ‘ळ’ या अक्षराने सुरू होणारा शब्द आपल्या नित्याच्या मराठीत नाही. म्हणून अंकलिपीने ओढूनताणून शब्द शोधला नाही. ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ असे ती सरळ सांगते, आणि पहिलीतील मूलही ते अक्षर शब्दाच्या शेवटी पाहते व ओळखते. कोणत्याही मुलाला यात काही विपरीत वाटत नाही. तोच न्याय इंग्रजीस लावून ‘एक्स बॉक्सचा’ असे म्हणावयास काय हरकत आहे? अक्षराची ओळख ते जेथे राहते तेथेच करून द्यावी.

(या लेखात इंग्रजी अक्षरे व शब्द नागरी लिपीत दिले आहेत. वर्गात फळ्यावर ते अर्थातच रोमन लिपीत, व तेही लहान अक्षरांत लिहावेत.)

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजीचे अध्यापन इ. स. २००० मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी इंग्रजीची सुरुवात पाचवीत होत असे. आज शिकवीत असलेल्या अनेक शिक्षकांची स्वतःची इंग्रजी पाचवीत सुरू झालेली आहे, आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात सव्वीस अक्षरांच्या पाठांतराने झाली. सव्वीस अक्षरे म्हणता येणे आणि शब्द वाचता येणे यांमध्ये मोठी दरी आहे. मराठीत ती नाही. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो आणि शब्दातही तो ‘क’च राहतो. इंग्रजीत अक्षराचे नाव निराळे व काम निराळे. ‘जी’ हे अक्षर ‘गोट’मध्ये ‘ग’ होते. ‘सी’ हे ‘कॅट’मध्ये ‘क’ होते. ‘एच’ व ‘डब्ल्यू’ यांच्या नावांत तर त्यांचे उच्चार मुळी नाहीतच. तेव्हा मुलाने अक्षरे पाठ म्हटली म्हणून त्याला वाचता येईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ही दरी ओलांडण्याचे जे थोडे सोपे मार्ग आहेत, त्यांत दिलेल्या अक्षरावरून लहान शब्द शोधणे हा एक चांगला मार्ग होय. मात्र अक्षरे कोणती द्यावयाची, याचा विचार शिक्षकाने आधी केलेला असला पाहिजे.

पुष्कळ वर्गांत हा खेळ ‘ए’पासून क्रमाने सुरू होतो. ए, बी, सी, डी, ई, एफ या पहिल्या सहा अक्षरांतून बॅड, बेड, कॅब, फेड असे मोजके सोपे शब्द निघतात, आणि मुले लवकरच थांबतात. याउलट एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे द्यावीत. ॲट, ॲन, ॲझ, इन, इट, इझ. सॅट, पॅट, टॅप, पॅन, नॅप, टॅन, ॲन्ट. सिट, पिट, टिप, पिन, निप, टिन, सिप : वीस शब्द तर येथेच झाले, आणि शोधणाऱ्यास आणखीही सापडतील. इंग्लंडमधील प्राथमिक वाचनाच्या प्रचलित पद्धतींत आरंभी हीच अक्षरे घेतात, ती याच कारणाने. ज्या अक्षरांच्या अंगी शब्द घडविण्याची शक्ती अधिक, ती आधी. वर्णमालेतील त्यांच्या क्रमास येथे महत्त्व नाही.

कोणते अक्षर किती वेळा लागते, याची गणना पूर्वीच्या लोकांनी व्यवहाराच्या गरजेपोटी केलेली आहे. तारखात्याच्या जुन्या कडकट्ट लिपीत ‘ई’ला केवळ एक टिंब आणि ‘टी’ला केवळ एक रेघ आहे, कारण ही अक्षरे वारंवार पाठवावी लागत. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकार झालेले आल्फ्रेड बट्स नावाचे एक वास्तुविशारद अक्षरांचा एक खेळ रचीत होते. वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून त्यांनी प्रत्येक अक्षराच्या सोंगट्यांची संख्या ठरविली. पुढे १९४८ मध्ये त्या खेळास ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. त्याच्या शंभर सोंगट्यांत ‘ई’च्या बारा, ‘ए’ व ‘आय’च्या नऊ-नऊ आणि जे, के, क्यू, एक्स, झेड यांची प्रत्येकी एकच सोंगटी असते. शाळेसाठी अक्षरपत्ते करताना हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवावे. फक्त ‘के’चे पत्ते थोडे अधिक करावेत, कारण मुलांच्या शब्दांत ते पुष्कळ लागते. प्रत्येक अक्षराचा एकेकच पत्ता केला, तर ‘बी’ (मधमाशी) किंवा ‘एग’ हे शब्द जुळविताच येत नाहीत.

पत्त्यांसाठी विकतचे साहित्य नको. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद जाड व टिकाऊ असतो, आणि तो गावात घरोघरी पडलेला असतो. दोन-दोन बोटे रुंदीचे तुकडे कापून त्यांवर लहान लिपीतील अक्षरे ठळक काढावीत. प्रत्येक पत्त्याच्या तळाशी एक आडवी रेघ अवश्य ओढावी. ही रेघ नसेल तर उलटा धरलेला ‘एन’ हा ‘यू’ दिसतो, ‘डी’चा ‘पी’ होतो, आणि मूल हुशार असूनही चुकते. स्वरांचे पत्ते लाल व बाकीचे निळे करावेत, म्हणजे पुढील पाठास त्याचा उपयोग होतो.

तो पाठ असा. फळ्यावर ‘बी’ आणि ‘जी’ ही अक्षरे मध्ये जागा सोडून लिहावीत आणि मधल्या जागेत पाचही लाल पत्ते एकामागून एक धरावेत. बॅग, बेग, बिग, बॉग, बग. पाच पत्त्यांचे पाच शब्द, आणि पाचही खरे. मुलांनी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचावा. अर्थ शिक्षकांनी हावभावाने किंवा मराठीतून सांगावा. ‘बॉग’ म्हणजे दलदल, हे सांगण्यास भाताच्या खाचराचे उदाहरण पुरे. नंतर ‘पी’ व ‘एन’ घ्यावेत : पॅन, पेन, पिन, पन. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. ‘पॅन’ व ‘पेन’ यांतील भेद खेड्यातील मुलांच्या कानांस सुरुवातीस जाणवत नाही; बॅटीस ‘ब्याट’ म्हणण्याची सवय असते. त्यासाठी मुलांस हसू नये. या स्वरासाठी मराठीने आपल्या लिपीत अर्धचंद्राची सोय केलेली आहे, आणि शासनाने २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांस मराठी वर्णमालेत स्थानही दिले आहे. फळ्यावर ‘पॅन’ आणि ‘पेन’ नागरीत शेजारी शेजारी लिहून दाखविले की जो भेद कानास कळत नाही तो डोळ्यांस कळतो, आणि मग कानही तयार होतो. इंग्रजीच्या तासास नागरी लिपीची मदत घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

यानंतर ‘पी’ आणि ‘टी’ यांची जोडी घेतली, की पॅट, पेट, पिट, पॉट यांच्या मागून ‘पुट’ येतो आणि एखादा चौकस मुलगा विचारतो, “बी-यू-टी बट, मग पी-यू-टी पुट कसे?” हा प्रश्न येणे हे पाठ साधल्याचे लक्षण आहे, त्यास दटावून खाली बसवू नये. पूर्वी इंग्लंडमध्ये या दोन्ही प्रकारच्या शब्दांत आखूड ‘उ’च होता. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडील उच्चारांत तो बहुतेक शब्दांतून बदलला, परंतु ओठांनी उच्चारावयाच्या अक्षरांपुढे काही शब्दांत टिकून राहिला. पुट, पुश, पुल, बुल, फुल हे ते शब्द. एवढे इतिहासपुराण मुलांस सांगावयास नको. ‘हे पाच भाऊ जुन्या घरात राहिले’ असे म्हटले तरी त्यांचे समाधान होते.

‘एक्स’प्रमाणेच इतरही काही अक्षरांस आपापल्या जागा आहेत, आणि त्या मुलांना शोधू देण्यात या अभ्यासाचा खरा लाभ आहे. ‘व्ही’ हे अक्षर शेवटी असलेले पाच शब्द शोधावयास सांगावे. मुले हॅव, गिव, लव, फाइव असे शब्द आणतील, आणि पाहतील की प्रत्येकाच्या अखेरीस ‘ई’ बसलेला आहे. इंग्रजी ‘व्ही’ला शब्दाच्या टोकास एकटे राहावत नाही. ‘जे’ हे अक्षर तर अखेरीस येतच नाही. इंग्रजी कोशात ज्या थोड्या शब्दांच्या अंती ते सापडते त्यांतील एक ‘राज’ हा आपल्याकडूनच गेलेला आहे. ‘क्यू’मागे ‘यू’ हा सावलीसारखा असतो : क्विट, क्विक, क्वीन. ‘वाय’ आरंभी आला तर यस, यट यांप्रमाणे व्यंजन. अंती आला तर माय, बाय, ड्राय, स्काय यांप्रमाणे स्वर. ‘प्रत्येक इंग्रजी शब्दात पाच स्वरांपैकी एक तरी असतो’ हे वाक्य फळ्यावर लिहून ते खोटे पाडण्यास मुलांना सांगावे. ‘माय’ आणि ‘स्काय’ त्यांना लवकरच सापडतात, आणि शिक्षकाचे वाक्य खोटे ठरविल्याचा जो आनंद त्यांच्या मुखावर दिसतो तो पाठांतराच्या तासास दिसत नाही.

मराठी मुलास सर्वांत अधिक छळणारी जोडी ‘सी’ आणि ‘के’ यांची. आपला ‘क’ एक; इंग्रजीत त्याची घरे दोन. कोठे कोणते, हे पाठ करून भागत नाही. त्याऐवजी मुलांकडून ‘क’ने सुरू होणारे पंधरा-वीस लहान शब्द गोळा करावेत आणि दोन रांगांत मांडावेत. एका रांगेत कॅट, कॅन, कॉट, काउ, कप, कट. दुसरीत की, कीप, किड, किट, किंग, किस. मग प्रश्न एकच विचारावा : पहिल्या अक्षरानंतर काय आहे? पहिल्या रांगेत ‘ए’, ‘ओ’, ‘यू’. दुसरीत ‘ई’ आणि ‘आय’. नियम मुलांच्याच तोंडून येतो. याचे कारण असे की ‘ई’ व ‘आय’पूर्वी आलेला ‘सी’ हा ‘स’ होतो, जसे ‘सिटी’ किंवा ‘सेंट’. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाचे हे लेखन तेथे रूढ झाले, आणि पूर्वी ‘सी’ने लिहिला जाणारा राजावाचक शब्द ‘के’ने ‘किंग’ असा लिहिला जाऊ लागला. आखूड स्वरानंतर शब्दाच्या शेवटी ‘क’ आला तर दोन्ही अक्षरे हातात हात घालून येतात : बॅक, नेक, किक, लॉक, डक. पाच स्वरांस पाच शब्द, पुन्हा.

लहान शब्दांच्या लहानपणासही मर्यादा आहे. एक किंवा दोन अक्षरांचे इंग्रजी शब्द पाहिले तर ते बहुतेक वाक्याचा सांधा जोडणारे असतात : इन, ऑन, ॲट, टू, बाय, इझ, इट, ही, वी. वस्तू, प्राणी किंवा क्रिया यांच्या नावांस इंग्रजी बहुधा तीन अक्षरे तरी देतेच, मग त्यासाठी एखादे अक्षर दुप्पट करावे लागले तरी चालेल. ‘आत’ या अर्थाचा ‘इन’ दोन अक्षरांचा, तर धर्मशाळेसारख्या खाणावळीचा ‘इन’ तीन अक्षरांचा. ‘असणे’ या अर्थाचा ‘बी’ दोन अक्षरांचा, तर मधमाशी तीन. एग, ॲड व ऑड यांतील दुसरा ‘जी’ वा ‘डी’ उच्चारास लागत नाही. तो केवळ शब्दाचे अंग भरण्यासाठी आहे. गो, डू व ऑक्स हे यास अपवाद होत. मुले एगमधील एक ‘जी’ वारंवार गाळतात. त्यांना हे कारण एकदा कळले की ती चूक पुष्कळ कमी होते.

पत्ते हाताळण्याची सवय झाल्यावर अक्षरांची उलटापालट घ्यावी. मराठीत ‘मका’चा ‘काम’ होतो, ‘रस’चा ‘सर’ होतो, हा खेळ मुलांस ठाऊक असतो. तसेच नेटचा टेन, पॉटचा टॉप, टबचा बट, पॅनचा नॅप. टी, ई, ए या तीनच अक्षरांतून टी, ईट आणि एट असे तीन शब्द निघतात : चहा, खा, आणि खाल्ले. मुलांना रोमन अक्षरे केवळ पुस्तकातच भेटतात असेही नाही. ती साबणाच्या वेष्टनावर, बिस्किटांच्या पुड्यावर आणि खताच्या गोणीवर दररोज भेटतात. युरियाच्या गोणीवरील चार इंग्रजी अक्षरांतून ‘आर’ हा अत्यावश्यक क्रियावाचक शब्द मिळतो, आणि ‘इअर’ म्हणजे कानही मिळतो. मिठाच्या पुड्यावरील ‘सॉल्ट’मधून लास्ट, सॅट, ॲट आणि ॲझ. आपल्या ओसरीवरची गोणी वाचता येते, हे ज्या मुलास कळले त्यास इंग्रजी परक्यांची वाटेनाशी होते.

‘ॲलिस’च्या कथा लिहिणारे लुई कॅरल यांनी १८७७ मध्ये एक शब्दशिडी शोधून काढली होती. प्रत्येक पायरीवर एकच अक्षर बदलावयाचे, आणि मधला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे. चौथीसाठी कॅटपासून हेनपर्यंतची शिडी पुरेशी आहे : कॅट, पॅट, पॅन, पेन, हेन. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकास एका गटाकडे हे काम सोपवून दुसऱ्या वर्गाचे गणित घेता येते.

मुले पत्ते जुळविताना ‘नॅस’, ‘टिस’, ‘पिस’ असे शब्दही करतील. त्यांवर एकदम फुली मारू नये. मुलाने अक्षरे जोडून वाचून दाखविले, हे अर्धे काम झाले. तो शब्द इंग्रजीत आहे की नाही, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी वर्गात एक लहान इंग्रजी-मराठी कोश असावा आणि तो मुलांच्या हाती द्यावा, कपाटात नव्हे. येथे शिक्षकांचीही थोडी कसोटी लागते. मुलाने ‘निब’ किंवा ‘टॅन’ म्हटले आणि तो शब्द आपणास माहीत नसला, तर ‘असा शब्द नाही’ असे सांगण्याचा मोह होतो. असे सांगितल्याने मुलाचा खरा शब्द खोटा ठरतो. ‘कोशात पाहू या’ हे उत्तर अधिक बरे.

काही शब्द मात्र या रीतीने शोधता येणार नाहीत. ऑव, वॉझ, सेड, वन, टू यांचे लेखन उच्चारास धरून नाही, आणि तेच शब्द पानोपानी येतात. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये वारंवार येणाऱ्या २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत एकही नाम नाही, सर्व असेच कामकरी शब्द आहेत. ते पाहून पाहून डोळ्यांस ओळखीचे करून द्यावे लागतात. त्यांची अक्षरे सुटी करून जोडावयास लावल्यास मुलांचा नुकताच बसलेला विश्वास डळमळतो.

चाचणीचा प्रश्न काढताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. ‘सुरू होणारे’ म्हणावयाचे आहे की ‘असलेले’, हे निश्चित करून तसे लिहावे, आणि एक उदाहरण सोडवून दाखवावे, त्यात ते अक्षर मध्ये किंवा अखेरीस असावे. क्यू आणि झेड ही अक्षरे चौथीपर्यंत गुणांच्या प्रश्नात घालू नयेत. आणि ज्या मुलाने एकच शब्द लिहिला त्यास त्या एकाचे गुण द्यावेत. कोरी जागा सोडणाऱ्यास गुण देता येत नसले, तरी उत्तरपत्रिका परत करताना त्याच्याच कागदावरील तो शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून दाखविण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.